ड्युटी सुटल्यावर काय? नाशिकहून जर्मनीत स्वयंसेवेच्या वर्षाला निघालेल्यांसाठी

व्हिसा, करार, विमा, भाषेची परीक्षा यांबद्दल विचारलं की दहा जण सांगतात. वृद्धाश्रमात, किंडरगार्टनमध्ये किंवा दिव्यांगांच्या कार्यशाळेत काम काय असतं, तेही मुलाखतीत कळतं. साडेचारला ड्युटी सुटल्यावर काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. नाशिकमध्ये संध्याकाळ आपोआप भरते. कॉलेज रोडला चहा, सोमेश्वरला चक्कर, कोणाच्या तरी गच्चीवर गप्पा. जर्मनीत न कळवता कोणी दारात येत नाही, आणि पाच हजार वस्तीच्या गावात थंडीत सहानंतर रस्त्यावर माणूस दिसेलच असं नाही. वर्ष अर्धवट सोडावंसं वाटतं ते बहुतेकदा कामामुळे नाही, या रिकाम्या संध्याकाळींमुळे. म्हणून त्यांची तयारी इथूनच करायची.

हा लेख एफएसजे (फ्रायविलिगेस सोत्सियालेस यार, म्हणजे ऐच्छिक सामाजिक वर्ष) आणि बीएफडी (बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट, म्हणजे संघराज्याची स्वयंसेवा; ती करणारा बोलीभाषेत ‘बुफ्दी’) या दोन योजनांसाठी आहे. एफएसजे 27 वर्षांखालच्यांसाठी असतं, बीएफडीला वरची वयोमर्यादा नाही. दोन्ही साधारण 12 महिन्यांचे.

1. आधी वेळ आणि पैसा मोजा

पूर्ण वेळ सेवा म्हणजे आठवड्याला साधारण 38 ते 40 तास. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात असाल तर शनिवार-रविवारची पाळीही येते, आणि त्याबदल्यात आठवड्यात सुट्टी मिळते. पाळीपत्रक महिन्याआधी मिळतं का, हे पहिल्याच दिवशी विचारा. कुठल्याही संघात नाव घालताना ते हाताशी लागतं.

12 महिन्यांत 25 दिवस सेमिनारचे असतात, बहुतेकदा पाच-पाच दिवसांच्या आठवड्यांत. ते कामाचे दिवस धरले जातात आणि हजेरी सक्तीची असते. ‘क्लास आहे’ म्हणून कंटाळू नका. तुमच्यासारखेच नवखे पंचवीसेक जण एका छताखाली राहतात, आणि वर्षभराची बहुतेक मैत्री इथेच जमते. पाच दिवसांच्या आठवड्याला किमान 20 दिवस रजा कायद्याने मिळते, अनेक संस्था त्याहून जास्त देतात.

हातखर्चाला वरची मर्यादा आहे. 2025 साली ती महिना 644 युरो होती. प्रत्यक्षात हातात बऱ्याचदा त्याहून बरंच कमी पडतं, कारण काही संस्था राहणं-जेवण देतात आणि रोख कमी ठेवतात. त्यातले 100 युरो फुरसतीसाठी वेगळे काढा आणि ते खर्चही करा. प्रत्येक कॉफीला रुपयांत गुणत बसलात तर तीन महिन्यांत कोणी बोलावणार नाही, कारण तुम्ही दर वेळी नाही म्हणालेले असाल.

2. बॅगेत काय

कागद (मूळ प्रती आणि फोनमध्ये स्कॅन):

- पासपोर्ट, व्हिसा, संस्थेशी झालेला करार
- आरोग्य विम्याचं पत्र
- पासपोर्ट साइजचे बायोमेट्रिक फोटो, किमान सहा
- लसीकरणाची नोंद. बालवाडी आणि रुग्णालयात गोवर लसीचा पुरावा मागतातच
- पोहणं, प्रथमोपचार, संगीत, खेळ यांचं एखादं प्रमाणपत्र असेल तर तेही

वस्तू:

- पांढऱ्या किंवा न उमटणाऱ्या तळव्याचे इनडोअर बूट. जर्मन क्रीडागृहात बाहेरचे किंवा काळा डाग सोडणारे बूट घालून आत घेत नाहीत. इथे बॅडमिंटनसाठी मिळतात तेच चालतात
- इंडक्शनला चालणारा दोन-तीन लिटरचा स्टीलचा कुकर. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही
- प्लगचा ॲडॉप्टर. व्होल्टेज आपल्यासारखंच 230 आहे, फक्त पिना वेगळ्या
- काळा मसाला 500 ग्रॅम, हवाबंद पाकिटात
- पत्त्यांचे दोन जोड. तिथे पत्ते आणि बोर्डगेम खूप खेळतात. मेंढीकोट दहा मिनिटांत शिकवता येतो आणि त्याला जर्मन जेमतेम लागतं
- जमलं तर दोन लेझीम, चेक-इन बॅगेत. संस्थेच्या उन्हाळी मेळाव्यात मुलांसाठी उत्तम

आता सापळा. भारतातून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, चक्का सगळं विमानतळावर कचऱ्यात जातं. ताजी फळं-भाज्यांनाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सवलत आहे ती फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांना. आईने प्रेमाने बांधलेला कढीपत्ता आणि हापूसची पेटी दोन्ही इथेच ठेवा. चिवडा, पापड, कोरडे मसाले, लोणचं यांना अडचण येत नाही, फक्त लोणचं गळणार नाही असं बांधा. (द्राक्षांची काळजी करू नका. मार्च-एप्रिलला सुपरमार्केटमधल्या डब्यावर ‘इंडियन’ लिहिलेलं दिसलं, तर ती नाशिकची असण्याची शक्यता भरपूर.)

3. पहिले 14 दिवस: ज्या कागदांवर फुरसत अवलंबून आहे

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाने किंवा वसतिगृहाने भरून दिलेला फॉर्म लागतो. हा कागद नसेल तर बँक खातं अडतं, खातं नसेल तर संघाची वर्गणी, रेल्वेचा पास, वाचनालयाचं कार्ड सगळंच रखडतं.

त्यानंतर तीन गोष्टी लगेच करा.

स्वयंसेवकाचं ओळखपत्र संस्थेकडून मागून घ्या. ते बऱ्याचदा मागितल्याशिवाय मिळत नाही. पोहण्याचा तलाव, संग्रहालय, नाटक, कधी वाचनालय इथे त्यावर सवलत असते. तिकीटखिडकीवर विचारलं नाही, तर कोणी आपणहून देत नाही.

दुसरं, हाफ्टफ्लिख्ट विमा. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरपाई देतो. खर्च वर्षाला साधारण 40 ते 70 युरो. सायकलने कोणाच्या गाडीला ओरखडा पडला किंवा इमारतीची मास्टर किल्ली हरवली तर बिल शेकड्यांत, कधी हजारांत येतं, कारण सगळी कुलपं बदलावी लागतात. पॉलिसीत किल्ली हरवणं धरलंय का ते बघून घ्या. तुमच्या संस्थेने हा विमा आधीच काढलेला असू शकतो, म्हणून दुहेरी पैसे भरण्याआधी विचारा.

तिसरं, रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र. नोंदणीनंतर ते हमखास येतं. दर घरामागे महिना 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. शेअर केलेल्या फ्लॅटमध्ये एकानेच भरायचं असतं, तेव्हा जो भरतोय त्याचा क्रमांक कळवा. पत्र फाडून टाकलं तर दंडासह परत येतं.

4. फेराईन शोधा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा: पोहोचल्यापासून तीन आठवड्यांत आठवड्याचा एक ठरलेला वार एका संघाला द्या.

फेराईन म्हणजे नोंदणीकृत मंडळ. सात सभासद जमले की नोंदणी होते. जर्मनीत असे सहा लाखांच्या आसपास आहेत. फुटबॉल, टेबल टेनिस, गायनवृंद, बागकाम, बुद्धिबळ, गिर्यारोहण, ससे पाळणं, काहीही. नाशिककराला हे समजायला सोपं आहे. 1840 मध्ये स्थापन झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आठवा. सभासद, वर्गणी, कार्यकारिणी, निवडणूक, वार्षिक सभेतली भांडणं. तेच सगळं, फक्त ससे पाळायला.

मोठ्या शहरात असाल तर ‘कॅफेत ओळखी होतील’ असं वाटतं. होत नाहीत. तिथे माणसं अनोळखी माणसाशी गप्पा मारत नाहीत, पण सहा मंगळवार एकाच नेटच्या दोन बाजूंना उभं राहिलं की सातव्या मंगळवारी वाढदिवसाला बोलावतात. बोलकेपणापेक्षा नियमितपणाची किंमत जास्त, हे आपल्याला उमगायला जरा वेळ लागतो.

शोधायचं कसं:

- गावाच्या संकेतस्थळावर ‘फेराईने’ नावाचं पान असतं, तिथे प्रत्येक संघाचा संपर्क मिळतो
- टपालपेटीत पडणारं गावाचं साप्ताहिक पत्रक फेकू नका. सरावाच्या वेळा, मेळावे, जुन्या वस्तूंचा बाजार सगळं त्यात असतं
- बेकरी, वाचनालय, चर्चच्या दारावरचे फलक
- सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे सहकाऱ्यांना विचारणं. ‘तू कुठल्या फेराईनमध्ये आहेस?’ हा प्रश्न तिथे आगाऊपणाचा नाही

ईमेल तीन ओळींचा पुरे: मी कोण, किती महिने आहे, प्रोबेट्रेनिंगला, म्हणजे चाचणी सरावाला, येऊ का. एक-दोन सराव बहुतेक ठिकाणी फुकट असतात. उत्तर आलं नाही तर नाराज होऊ नका, कारण हे ईमेल बघणाराही हौशी कार्यकर्ताच असतो. सरळ सरावाच्या वेळेला दहा मिनिटं आधी जाऊन उभे राहा. ‘इश बिन नॉय हिअर, दार्फ इश मितमाखन?’ (मी इथे नवीन आहे, मीही खेळू का?) एवढं पुरतं. शाळांच्या सुट्ट्यांत क्रीडागृहं बंद असतात, तेव्हा ऑगस्टमध्ये कुलूप दिसलं तर संघ बंद पडलाय असं समजू नका.

कुठला निवडावा? टेबल टेनिस आणि व्हॉलीबॉल नवख्याला सर्वांत सोपे, कारण जोड्या सतत बदलतात आणि अर्ध्या तासात दहा जणांशी दोन-दोन वाक्यं होतात. गायनवृंदात उच्चार सुधारतात. स्वर धरता आला की शब्द शेजारच्याच्या मागोमाग येतात. गावात राहत असाल तर स्वयंसेवी अग्निशमन दल बघा. जर्मनीत आग विझवण्याचं बहुतेक काम हेच दल करतं, आणि सुमारे दहा लाख लोक त्यात सक्रिय आहेत. प्रशिक्षणाशिवाय आगीवर नेत नाहीत, पण सरावसंध्येला आणि मेळाव्याला जास्तीचे हात नेहमीच लागतात.

क्रिकेट? 2015 नंतर आलेल्या अफगाण तरुणांमुळे जर्मनीत क्रिकेटचे बरेच संघ उभे राहिले. जरूर खेळा, पण तो दुसरा संघ ठेवा. मैदानावर हिंदी-उर्दू-इंग्रजी चालते, आणि वर्षअखेरीला जर्मन होतं तिथेच राहतं.

सरावानंतर खरं काम सुरू होतं. नेट गुंडाळणं, चटया रचणं, टेबलं ढकलणं. न सांगता हात लावा. मांडव घालताना बांबू धरणाऱ्या पोराला आपल्या मंडळात जी जागा मिळते, तीच तिथेही मिळते. ‘कान इश हेल्फन?’ विचारा. उत्तर बहुधा ‘हो’च येतं. नंतर सगळे एखाद्या ठिकाणी बसायला जातात तेव्हा घरी पळू नका. बिअर नको असेल तर ‘आपफेलशोर्ले’, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, मागवा. कोणी आग्रह करत नाही. (आग्रह होत नाही याचंच वाईट वाटेल, इतका आग्रहाचा सराव आपल्याला असतो.)

वर्गणीचा सापळा नीट वाचा. गावातल्या क्रीडा संघाची वर्गणी साधारण महिना 8 ते 20 युरोंच्या घरात असते, पण अनेक संघांत सभासदत्व फक्त वर्षअखेरीला किंवा सहामाहीअखेरीला सोडता येतं, तेही लेखी आणि ठरलेल्या मुदतीआधी. तुमची सेवा 31 ऑगस्टला संपते आणि वर्गणी 31 डिसेंबरपर्यंत कापली जाते. मधेच बँक खातं बंद केलंत तर परत गेलेल्या प्रत्येक हप्त्यावर शुल्क लागतं. उपाय सोपा आहे. फॉर्म भरतानाच ‘मी या तारखेपर्यंतच आहे’ असं लिहून मुदतीचं सभासदत्व मागा. बहुतेक संघ देतात. खासगी जिमचं मात्र उलट: पहिली मुदत दोन वर्षांपर्यंतची असू शकते, आणि तिथे कोणी दयामाया दाखवत नाही. जिम टाळा.

5. फिरणं: पास, सायकल, सीमा

डॉइचलांड-तिकीट हा देशभरच्या स्थानिक बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास. मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झाला, 2025 मध्ये 58 आणि जानेवारी 2026 पासून 63 युरो. संस्था त्यात काही वाटा उचलते का ते विचारा. आयसीई, आयसी या जलद गाड्यांत तो चालत नाही. पंचवटी एक्सप्रेसचा पास घेऊन राजधानीत बसल्यासारखंच. विनातिकीट सापडलं तर 60 युरो. पास दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवा, 11 तारखेला कळवलंत तर पुढच्या महिन्याचेही पैसे गेले.

सायकल जुनीच घ्या. पुढे-मागे दिवा आणि ब्रेक चालू हवेत. कुलपावर कंजुषी नको. फुटपाथवर चालवू नका. आणि चालताना लाल सिग्नलला रस्ता रिकामा असला तरी थांबा, विशेषतः शेजारी लहान मूल उभं असेल तर. नाहीतर पोलिसांआधी एखादी आजीच झापते.

सुट्टीत शेजारच्या देशांत जायचं असेल तर निवास परवान्यावर शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही बरोबर हवेत. ब्रिटन यात येत नाही. व्हिसाची मुदत संपत आलीय आणि परवान्याचं कार्ड अजून हातात नाही, अशा मधल्या काळात परदेशवारीचं तिकीट काढण्याआधी परकीय नागरिक कार्यालयात लेखी विचारून घ्या. बाहेर पडलात आणि परत येता आलं नाही, असं होऊ शकतं.

6. रविवार

रविवारी दुकानं बंद. सुपरमार्केट, कपडे, हार्डवेअर, सगळं. उघडी असतात ती स्टेशनवरची काही दुकानं, पेट्रोलपंप आणि सकाळी काही तास बेकरी. दूध-भाजी शनिवारी आणा.

रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी पूर्ण दिवस शांततेचा असतो. ड्रिल मशीन, गवत कापणं, मोठ्या आवाजात गाणी चालत नाहीत, आणि काही इमारतींत वॉशिंग मशीनही नाही. इमारतीची नियमावली जिन्यात लावलेली असते, तिचा फोटो काढून भाषांतर करून घ्या. शेजारी तोंडावर काही न बोलता घरमालकाला पत्र लिहितात, त्यामुळे तक्रार झालीय हे तुम्हाला उशिरा कळतं.

रविवारी करायचं काय? लोक चालायला जातात. आपण अंजनेरी, ब्रह्मगिरी चढतो तेव्हा माथा गाठणं महत्त्वाचं असतं. तिथे दोन तास जंगलातून नुसतं चालतात आणि मग केक खातात. साडेतीनच्या सुमारास कॉफी आणि केक हा रविवारचा ठरलेला कार्यक्रम. कोणी चालायला बोलावलं तर हो म्हणा, कारण तिथे मनमोकळं बोलणं चालतानाच होतं.

7. कोणाच्या घरी गेल्यावर

साडेसहा म्हणजे साडेसहा. सातला पोहोचलात तर जेवण गार झालेलं असतं. पाच मिनिटं उशीर होणार असेल तरी मेसेज करा. ‘काही आणू का?’ विचारलं आणि ‘सॅलड आण’ म्हणाले तर ते खरंच सांगितलेलं असतं, औपचारिक नसतं. पहिल्यांदा नाही म्हटल्यावर पुन्हा वाढत नाहीत. भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा.

हॉटेलात वेटर ‘त्सुझामन ओडर गेट्रेन्ट?’ विचारतो, म्हणजे एकत्र की वेगवेगळं बिल. वेगवेगळं हेच नेहमीचं. ‘इश लाडे दिश आइन’ कोणी म्हणालं तर तो पैसे देणार आहे. तुम्ही सहज ‘चल, तुला बोलावतो’ या अर्थाने हे म्हणालात, तर सगळ्यांचं बिल तुमच्यावर.

वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नका, ते अशुभ मानतात. ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो, तेव्हा स्वतःची तारीख लक्षात ठेवा. ‘दू’ आणि ‘झी’ मराठी माणसाला शिकवायला नको, ‘तू’ आणि ‘तुम्ही’च आहेत. फरक इतकाच, की ‘दू’ म्हणायचा प्रस्ताव वयाने मोठ्या माणसाने मांडायचा असतो. संघात सगळे पहिल्या दिवसापासून ‘दू’च म्हणतात. वृद्धाश्रमातल्या आजींना मात्र त्या स्वतः सांगेपर्यंत ‘झी’.

8. मिसळीचा बेत (15 माणसांसाठी)

कधी ना कधी ‘तुमच्याकडचं काहीतरी कर’ असं म्हणतात, आणि घाईत पनीर बटर मसाला होतो. नाशिकचा माणूस असाल तर मिसळ करा. तर्री वेगळी देण्याची आपली पद्धतच तिथे उपयोगी पडते, ज्याला झेपेल तेवढी त्याने घ्यावी.

- मटकी कोरडी 750 ग्रॅम, माणशी 50. एशियन दुकानात नाही मिळाली तर मूग
- कांदे दीड किलो, आलं-लसूण 150 ग्रॅम
- सुक्या खोबऱ्याचा कीस 200 ग्रॅम. सुपरमार्केटमध्ये केकच्या सामानाच्या कप्प्यात मिळतो
- काळा मसाला 60 ग्रॅम, तिखट फक्त तर्रीत
- तेल 300 मिली
- फरसाण 1 किलो, पापड 20, साधं दही 1 किलो, लिंबं 6
- मऊ बर्गर बन 30. तिथला रोजचा छोटा पाव, ब्रोटशन, कडक सालीचा असतो, रश्शात भिजत नाही. मिल्कब्रोटशन गोड असतो

तीन दिवस आधी सुरुवात करा. नाशिकच्या उन्हाळ्यात रात्रीत मोड येतात. तिथे 19 अंशांच्या खोलीत मटकी 12 तास भिजवल्यावर मोडांना दोन दिवस लागतात. ओल्या कापडात बांधून रेडिएटरशेजारी ठेवा किंवा ओव्हनचा नुसता दिवा लावून आत. ओव्हन चालू करू नका, मटकी शिजेल. कापड कोरडं पडलं तर मोड थांबतात, पाणी साचलं तर आंबूस वास येतो.

फोडणीच्या वेळी दोन खिडक्या समोरासमोर उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावा. मिरचीचा धूर जिन्यात गेला की धूरसूचक वाजतो, आणि वसतिगृहात तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असेल तर गाडी येते. गाडीचं बिलही येऊ शकतं. सूचकावर प्लॅस्टिकची पिशवी बांधणं हा उपाय नाही, सापडलात तर गच्छंती.

भांड्यांपुढे चिठ्ठ्या लावा: तिखट किती, आणि शेंगदाणे कशात आहेत (‘एर्डनुसं’). फरसाणात, चिवड्यात दाणे असतात, आणि दाण्यांची ॲलर्जी जिवावर बेतते. व्हेगन लोक असतील तर दही वेगळं ठेवलं की काम झालं, बाकी सगळी मिसळ व्हेगनच आहे. ते सांगितलंत की भाव वाढतो.

‘तुमच्याकडचं काहीतरी’ हे खेळालाही लागू: सेमिनारला खो-खो खेळवा. आठ बसलेले, एक धावणारा, तीन पळणारे. बारा जणांत डाव जमतो. खांब म्हणून दोन झाडं चालतात. ‘खो’ देताना पाठीला हात लागतो, तेव्हा आधी विचारा. सगळ्यांना ते चालतंच असं नाही.

9. मराठी मंडळी

मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत. गणपती, दिवाळी, संक्रांत हे सण जवळच्या शनिवार-रविवारी करतात. जा, गाणी म्हणा, मोदक खा. पण तिथे बहुतेक सगळे नोकरदार आणि कुटुंबवाले, तुमचा दिनक्रम वेगळा. महिन्यातून एकदा पुरे. खोलीत गणपती बसवायचा असेल तर वीतभर शाडूची मूर्ती आणि बादलीत विसर्जन. नदीत-तळ्यात परवानगीशिवाय काही सोडू नका.

10. नोव्हेंबर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. डिसेंबरात बर्लिनला सूर्य चारच्या आधीच मावळतो. भारताशी फरक उन्हाळ्यात साडेतीन तास असतो, तो साडेचार होतो. नाशिकला रात्री साडेआठला फोन करायचं ठरलं असेल तर तुमच्याकडे पाचऐवजी चार वाजलेले असतात आणि तुम्ही ड्युटीवर. वेळ आधीच बदलून ठेवा, नाहीतर घरचे फोन वाजवत बसतात आणि तुम्ही नुसतेच चिडता.

या महिन्यात ठरवून तीन गोष्टी करा. 11 नोव्हेंबरच्या आसपास बालवाड्यांची कंदिलांची मिरवणूक निघते, संत मार्टिनच्या नावाने. कंदील बनवायला हात लागतात, नाव द्या. डिसेंबरच्या बाजारात संघाचा किंवा संस्थेचा स्टॉल असतो, तिथे पाळी घ्या. ग्राहक म्हणून फिरलात तर गरम पेयाच्या मगवर अनामत घेतात, तो परत केला की ती मिळते. आणि दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटं तरी उजेडात चाला.

रोज घरी दोन तास व्हिडिओ कॉल होत असेल, संघ सुटला असेल, झोप उडाली असेल, तर संस्थेतल्या तुमच्या मार्गदर्शकाला सांगा. ते त्यांचं कामच आहे. रात्री कोणाशी तरी बोलायचंच असेल तर 0800 111 0 111 हा मोफत क्रमांक आहे, संभाषण बहुतेक जर्मनमध्ये होतं. जीव धोक्यात असेल तर 112.

11. फुरसतीत अडकवणाऱ्या गोष्टी

फोटो: वृद्धाश्रमातल्या आजींबरोबरचा गोड सेल्फी इन्स्टाग्रामवर टाकला की नोकरीवरच बेतू शकतं. लेखी संमती लागते, मुलांच्या बाबतीत पालकांची. स्टेटसलाही तेच लागू.

टॉरेंट: मराठी सिनेमा टॉरेंटवरून उतरवताना तुम्ही तो इतरांना वाटतही असता. वकिलाची नोटीस वायफाय ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी येते, मागणी शेकडो युरोंची. यजमानासमोर मान खाली घालायची ही सर्वांत सोपी रीत.

पाणी: गंगापूर धरणावर वाढलेल्यांनीही सावध राहावं. तळी वरून उबदार आणि मीटरभर खाली गार असतात. ऱ्हाइनसारख्या नदीत जहाजं जातात आणि ओढ जबरदस्त. पोहायला परवानगी असल्याचा फलक नसेल तिथे उतरू नका. गळ टाकायलाही परवाना लागतो.

पैसे: योगाचे वर्ग, मेंदी, डबा, यातून पैसे घेणं म्हणजे व्यवसाय. तुमच्या परवान्यावर तो चालत नाही. फुकट शिकवा.

12. निघण्याआधीचे तीन महिने

संघाचं आणि पासचं राजीनामापत्र, वाचनालयाची पुस्तकं, विमा, पत्त्याची नोंद रद्द करणं, ही यादी जूनमध्येच भिंतीवर लावा. बँक खातं सर्वांत शेवटी बंद करा. संस्थेकडून सेवेचं प्रमाणपत्र मागा, आणि संघात काही जबाबदारी घेतली असेल तर त्यांच्याकडूनही दोन ओळींचं पत्र. शेवटच्या सरावाला केक न्या. जाणाऱ्यानेच न्यायचा असतो, आणि पंचवीस तुकडे पडतील एवढा मोठा.